रेडिओवरची फार्मासिस्ट

फार्मसी कॉलेजात नव्याने आलेल्या पोरांना सल्ला द्यायला कुणी नाही, असं कधी होत नाही. तैवानमधल्या ताइनानच्या त्या कॉलेजात तर त्याची रीतच पडलेली आहे. तुमच्या रोल नंबरचे शेवटचे आकडे जे असतील, तेच आकडे असलेला वरच्या वर्षाचा विद्यार्थी हा तुमचा सख्खा दादा किंवा सख्खी ताई. मग त्याच्या वरचा, त्याच्याही वरचा, असं अख्खं घराणं. नातं रक्ताचं नाही, आकड्याचं. पण हे घराणं जुने पेपर देतं, परीक्षेच्या आधी खाऊ आणून देतं आणि वर्षाच्या सुरुवातीला एकदा पोटभर जेवू घालून कानमंत्र देतं. पहिल्या वर्षाला आलेल्या रो-युनच्या घराण्याचं जेवण ऑक्टोबरात झालं, स्टेशनामागच्या गल्लीत, टेबलाच्या मधोमध रस्सा रटरटत ठेवतात तसल्या एका दुकानात.

सल्ल्यांचा नुसता भडिमार चालला होता. पांढरा कोट एक माप मोठा घे, धुतला की आखडतो. रसायनाच्या सरांना प्रश्न विचारू नकोस, ते उत्तर देतात आणि मग तास सुटत नाही. शेवटच्या वर्षाचा दादा गोमांसाचे काप रश्श्यात बुडवता बुडवता म्हणाला, "औषधांची नावं चालत चालत पाठ कर. बसून केलीस तर झोप येते आणि झोपून केलीस तर नापास होतेस. माझ्याकडे बघ, मी दोन्ही करून पाहिलंय."

वेइ-लिन ही रो-युनची सख्खी ताई, म्हणजे तिच्याच आकड्याची दुसऱ्या वर्षाची मुलगी. चणीने बारीक, तोंडाने फटकळ. तिने मुळ्याचा एक तुकडा रो-युनच्या वाटीत टाकला आणि म्हणाली, "हे सगळे सल्ले कचऱ्यात टाक. माझा एकच ऐक. फार्मसीला लागलीस हे घरी कुणाला सांगू नकोस."

"का गं ताई?"

"का म्हणजे? मी सांगून बसले ना! नवीन वर्षाला घरी गेले तर नातेवाईक गोळ्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे. कुणाची बीपीची, कुणाची झोपेची. मामीने तर कुत्र्याची गोळी आणली होती. मला तोवर येत काय होतं? काचेच्या नळ्या धुता येत होत्या! पहिली दोन वर्षं एकच वाक्य म्हणायचं, 'मी अजून नुसती नावं शिकतेय.' म्हण बघू."

"उशीर झाला ताई," रो-युन म्हणाली, "माझ्या आईने रेडिओवर सांगितलंय."

टेबलावर असा हशा उसळला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. रो-युनही हसली. गोष्ट होतीच तशी. तिची आई आ-चू तोंगशीच्या किनाऱ्यावर कालवं फोडते. कालवं फोडणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये दिवसभर रेडिओ चालतो, आणि सकाळी त्या रेडिओवर चिन-थू भाऊ बोलतात. जुनी गाणी लावतात, बायकांचे फोन घेतात, कुणाची सून कशी वागते ते ऐकून घेतात आणि मधूनमधून गोळ्या विकतात. गोळ्या घरपोच येतात, आणि आ-चू त्या दोन वर्षांपासून घेते. निकाल लागला त्या सकाळी आ-चूने हातातला चाकू टाकून पहिला फोन भाऊंना लावला होता. भाऊंनी रेडिओवर फटाक्यांची माळ वाजवली आणि साऱ्या किनाऱ्याला सांगितलं, "आपल्या ऐकणाऱ्यांच्या घरात फार्मासिस्ट निपजली! आ-चूताई, तुम्हाला माझ्याकडून गोळ्यांचे डबे भेट!"

"फोटो आहे," असं म्हणून रो-युनने मोबाइल पुढे केला. आई त्या डब्यांच्या ढिगाशेजारी उभी होती आणि तोंडभर हसत होती.

मोबाइल हातोहात फिरत वेइ-लिनपाशी आला आणि तिथेच थांबला. वेइ-लिनचं हसू ओसरलं. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"तुझी आई आधीपासून अशीच आहे? गोल चेहऱ्याची?"

"नाही गं. आधी गालाची हाडं दिसायची. दोन वर्षांत भरलीय. सगळे म्हणतात, लेकीचं नशीब उघडलं तसं आईच्या तोंडावर तेज आलं."

"आणि हात? हे हात बघ किती बारीक आहेत. अंगावर निळे डाग उठतात का?"

"कालवांच्या कवचांनी लागतं..." रो-युन म्हणाली, पण तिचा आवाज आपोआप उतरला होता.

वेइ-लिनने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "हे बघ, मी डॉक्टर नाही. फार्मासिस्टसुद्धा नाही. पण असा चेहरा मी पुस्तकात पाहिलाय. या रेडिओच्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड घातलेलं असतं, वर जबर वेदनाशामक. दुखणं पळतं, माणूस टुणटुणीत दिसतो आणि आतल्या आत किडन्या जातात. आईचं रक्त तपासून घे. नवीन वर्षापर्यंत थांबू नकोस."

रस्सा आटून गेला तरी रो-युनच्या वाटीतला मुळा तसाच होता.

पुढच्या शनिवारी ती तोंगशीला गेली. शेडमध्ये पत्र्याखाली कवचांचे ढीग, टोपीवरून फडकी गुंडाळलेल्या बायका, आणि खांबाला टांगलेल्या रेडिओत चिन-थू भाऊ. गळा असा की लोणी ठेवलं तर वितळावं. "माझ्या ताईंनो, आज वारा सुटलाय, कंबर जपा."

"आल्या गं डॉक्टरीणबाई!" कुणीतरी ओरडलं.

"डॉक्टरीण नव्हे गं, फार्मासिस्ट," शेजारच्या आ-फुंग काकूंनी दुरुस्त केलं. "डॉक्टर चिठ्ठी लिहितो आणि ही ती वाचते. डॉक्टरचं अक्षर ज्याला वाचता येतं तोच खरा हुशार." मग हातातलं कालव उघडत त्या रो-युनला म्हणाल्या, "आणि आईकडे बघ तुझ्या! पौर्णिमेचा चंद्र झालाय नुसता. मीपण तेच औषध चालू केलं बाई. म्हटलं, फार्मासिस्टची आई घेते म्हणजे खात्रीचंच असणार. आता शेडमधल्या सगळ्याच घेतात."

रो-युनने आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून कालवं फोडत होती, पण हसू तिला आवरत नव्हतं. लेकीमुळे चारचौघींत मान मिळायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी घरी आ-चू पाय लांब करून बसली. तिने नव्या सपाता घेतल्या होत्या, जुन्यांपेक्षा मोठ्या. रो-युनने पाय चेपण्याचं निमित्त करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. ती त्या खळग्याकडे बघत बसली.

"आई, तू या गोळ्या घेऊ नकोस."

"का? चांगल्या आहेत. कंबर दुखत नाही, गुडघे दुखत नाहीत. सकाळी वीस वर्षांच्या पोरीसारखी उठते मी."

"म्हणूनच म्हणते. आई, यांनी किडन्या जातात."

आ-चूला खरोखर हसू आलं. तिने डबा उचलून लेकीच्या नाकापुढे धरला. "वाच. तुला शिकवतात ना वाचायला? काय लिहिलंय? 'किडनीला बळ.' कंबर आणि गुडघे कशाच्या जोरावर उभे असतात? किडनीच्या! हे तर तुझ्या पणजीलाही ठाऊक होतं. किडनी चांगली राहावी म्हणून तर घेते मी, आणि तू म्हणतेस किडनी जाते!"

"डब्यावर काहीही लिहितील गं ते! एकदा माझ्याबरोबर चियायीच्या हॉस्पिटलात चल. नुसतं रक्त द्यायचं, मुंगी चावल्याएवढं दुखतं."

"हॉस्पिटलात गेलं की रोग सापडतो. गेलंच नाही तर कुठून सापडणार?"

"आई!"

"पुस्तक उघडून महिना झाला नाही तोवर आईला शिकवायला निघालीस," आ-चू म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "तुझे बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतीस. तराफा उलटला, तिसऱ्या दिवशी सापडले. सगळे आले, जेवले, गेले. मग या घरात फोन कुणाचा आला? भाऊंचा. मी रोज फोन करायचे ती का करत नाही, म्हणून त्यांनी आपणहून केला. सगळ्यांसमोर माझ्याशी बोलले. तुझ्या बाबांचं आवडीचं गाणं कोणतं ते विचारलं आणि लावलं. मी ढसाढसा रडले गं, अख्ख्या किनाऱ्यासमोर. तेव्हा तुझे प्रोफेसर कुठे होते?"

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर अजून पीकही आलेलं नव्हतं. भाऊंच्या त्या एका गाण्यापुढे रो-युनजवळ उभं करायला काहीच नव्हतं, आणि आई खोटं बोलत नव्हती हे तिला माहीत होतं. रेडिओवरचा माणूस खराच फोन करत होता. विषही तोच पाठवत होता.

सकाळी आई शेडवर गेल्यावर रो-युनने सगळे डबे काढले, मागच्या खाडीवर नेले आणि भरतीच्या पाण्यात गोळ्या ओतून दिल्या. खाडीतल्या खेकड्यांचे गुडघे त्या दिवसापासून दुखायचे थांबले असतील. रिकामे डबे तिने पिशवीत कोंबले, 'रागावू नकोस, तुझ्यासाठीच केलं' अशी चिठ्ठी ठेवली आणि बस पकडली. बसमध्ये तिला हलकं वाटलं. आपण आज फार्मासिस्टचं पहिलं काम केलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. बिचारी!

आठवड्याच्या मध्यावर, भर तासात, आ-फुंग काकूंचा फोन आला.

"काय करून ठेवलंस गं पोरी! तुझी आई उठेना. उलट्या काय, घाम काय, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. गोळ्या कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, लेकीने टाकल्या. आईच्या जिवावर उठलीस काय?"

"काकू, तिला हॉस्पिटलात न्या, मी आत्ता निघते..."

"कशाला हॉस्पिटल? माझ्या डब्यातल्या दिल्या मी. आता उठून बसलीय, पेज खातेय. घे, बोल."

आईचा आवाज दमलेला होता, पण त्यात राग नव्हता. "मी बरी आहे. तू तास बुडवू नकोस." तेवढंच बोलून तिने फोन काकूंकडे दिला. रागावली असती तर रो-युनला बरं वाटलं असतं.

ती धावत वेइ-लिनकडे गेली आणि वेइ-लिन तिला औषधशास्त्राच्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाहेरून इतकी वर्षं स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. ते एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. मरूही शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. तू एकदम टाकून दिलंस?"

रो-युनने मान हलवली.

"मलाही माहीत नव्हतं," वेइ-लिन हळूच म्हणाली. "हा धडा आम्हाला पुढच्या सहामाहीत आहे."

बाईंनी बोल लावला नाही. त्यांनी आरोग्य खात्याचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "आईला घेऊन ये. आली तर मी स्वतः डॉक्टरांशी बोलेन." आली तर. खात्यातला माणूस फोनवर सज्जनपणे बोलला. तपासायला औषध लागेल, रिकामा डबा चालणार नाही. तक्रार गोळ्या घेणाऱ्या माणसाने स्वतः करावी. शिवाय डब्यावर पूरक आहार असं छापलेलं असेल तर तो विभाग वेगळा. तोवर आईच्या घरी भाऊंचं नवं खोकं येऊन पोचलं होतं आणि आई त्याला हात लावू देत नव्हती.

भाऊंना सगळी हकिकत कळली होतीच, बायकांनी फोन करून सांगितली होती. त्यांनी ती रेडिओवर रंगवून सांगितली: आ-चूताईंचं औषध सुटलं, ताई आडव्या झाल्या, औषध पोटात गेलं, ताई उठल्या. याहून मोठा पुरावा कुठल्या हॉस्पिटलात मिळतो? लेकीचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. तेवढा मोठेपणा दाखवला. त्यामुळे आ-चू त्यांची आणखीच ऋणी झाली.

"भाऊ तुझ्यावर चिडले नाहीत बघ," तिने फोनवर सांगितलं. "म्हणाले, पोर आहे, काळजीपोटी केलं. उलट ते तुला फोन करणार आहेत, कार्यक्रमात. दोन शब्द बोल म्हणाले. सगळ्या बायका ऐकणार आहेत गं. बोलशील ना?"

रो-युन ताडकन उठून उभी राहिली. रेडिओ! शेडमधल्या बायकांपर्यंत, आईपर्यंत पोचायची जी एकच वाट होती, ती दैत्याने आपणहून उघडून दिली होती.

"बोलेन आई. नक्की बोलेन."

वेइ-लिन आणि ती वसतिगृहाच्या जिन्यात वाक्यं जुळवत बसल्या. 'हे विष आहे' असं सरळ म्हणावं, हे रो-युनचं मत. वेइ-लिनने तिचा हात धरला. "आणि त्या सगळ्या जणी उद्या सकाळी एकदम बंद करतील. तुझी आई पडली तशा दहा जणी पडतील. कुणाच्या शेजारी काकू नसतील."

इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर बायका कोसळतील, न बोललं तर किडन्या जातील. खूप खोडाखोड करून त्यांनी एक गोष्ट ठरवली. भाऊंवर शब्द नाही, औषधाला शिवी नाही. नुसतं असं म्हणायचं: डॉक्टरांकडे जा, किडनीसाठी रक्त तपासा, गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच बंद करू नका. बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर आहे, पाठ कर. रो-युनने ते जिन्यात चालत चालत पाठ केलं, दादाने सांगितल्याप्रमाणे.

फोन आला तेव्हा वेइ-लिन जिन्याच्या वरच्या टोकाला दुसऱ्या मोबाइलवर कार्यक्रम लावून उभी होती.

"माझ्या ताईंनो, कोण आहे बघा फोनवर! आपली आ-चूताईंची रो-युन! बाळा, जेवलीस का?"

"हो भाऊ."

"वसतिगृहातलं जेवण! त्याला काय जेवण म्हणायचं? आई कालवं घालून पेज करते ती आठवते की नाही?"

"आठवते." आणि नको असताना तिचा गळा दाटून आला. या माणसाला आपला गळा कसा दाटवायचा हे नेमकं ठाऊक आहे, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"ऐकलंत? पोरगी रडतेय. इतकं प्रेम! बरं बाळा, आता तू फार्मासिस्ट. आमच्या ताईंना दोन हिताच्या गोष्टी सांग."

रो-युनने डोळे मिटले. "मी अजून पहिल्या वर्षाला आहे. पण सगळ्यांना एक सांगते. काकू, मावशी, सगळ्या जणी एकदा हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासून घ्या..."

"रक्त! बरोबर! सगळं रक्तातच असतं. रक्त साफ तर अंग साफ. पुढे?"

"...किडनीसाठी तपासा. आणि या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा, भाऊंच्या गोळ्यांचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच बंद करू नका, कारण..."

"मध्येच बंद करू नका!" भाऊंचा आवाज तिच्या आवाजावर येऊन बसला. "ऐकलंत माझ्या ताईंनो? मी नाही म्हणत हो! मी काय, मी अडाणी माणूस, गाणी लावणारा. ही विद्यापीठातली फार्मासिस्ट म्हणतेय! मध्येच बंद करू नका! आ-चूताईंनी बंद केलं तेव्हा काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बाळा, तुझ्या तोंडात साखर पडो..."

"भाऊ, तसं नाही, मी म्हणत होते की..."

पण तोवर तिच्या कानात गाणं सुरू झालं होतं, आणि ते तिच्या बाबांचं होतं.

वर वेइ-लिन मोबाइल हातात घेऊन उभी होती. तिने खाली पाहिलं नाही. रो-युन पायरीवर बसली आणि बंद फोनमध्येच एकदा हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय." पुढचं वाक्य तिला आठवेना.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, इतकी ती रडत होती. "किती छान बोललीस गं! शेडमधल्या सगळ्या रडल्या. आ-फुंगने तर अजून एक खोकं सांगितलं, तिच्या बहिणीसाठी. बाबा असते तर..."

"आई, मी हॉस्पिटल म्हणाले. ते ऐकलंस ना? किडनी म्हणाले."

"ऐकलं की. सगळं ऐकलं. तू सांगितलंस तसंच करणार. मध्ये एकही दिवस चुकवणार नाही."

त्यानंतर रो-युनने पुष्कळ धडपड केली. रेडिओला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणायची, भाऊ रेकॉर्डिंगमध्ये आहेत. खात्याला पुन्हा फोन केला तर तिथल्या माणसाने विचारलं, "रेडिओवर बोलणाऱ्या त्या तुम्हीच का?" वेइ-लिन दोनदा तिच्याबरोबर तोंगशीला यायला तयार झाली, आणि दोन्ही वेळा आ-चूने फोनवर सांगितलं की कालवांची घाई आहे, नवीन वर्षानंतर या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे तोंड दाबलेलं नव्हतं. तोंड उघडंच होतं, आणि त्यातूनच सगळं झालं होतं.

हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी गेली. नवीन वर्ष तोंडावर आलेलं, कालवांना मागणी, शेड भरलेली. आईचा चेहरा आणखी गोल झाला होता, डोळे त्यात रुतल्यासारखे दिसत होते, आणि आता तिच्या पायांत बाबांच्या जुन्या सपाता होत्या. घोटे सपातांच्या काठावर उतू आले होते. रो-युनने मनाशी ठरवलं होतं. यावेळी हात जोडायचे, पाय धरायचे, उचलून न्यायची वेळ आली तरी चियायीला न्यायचं.

"आई, चल. आत्ताच्या आत्ता. बस उभी आहे."

"थांब गं," आ-चू म्हणाली.

"नाही थांबणार. तुझे पाय बघ!"

"शू!" आईने चाकूचा हात वर केला. आणि सगळ्या शेडमधला कवचांचा खडखडाट एकदम थांबला. बायका खांबावरच्या रेडिओकडे तोंड करून बसल्या. आ-फुंग काकूंनी डोळे पुसायला आधीच फडकं काढलं.

फटाक्यांची माळ वाजली. मग भाऊंचा लोण्यासारखा आवाज आला: गोळ्यांची वेळ झाली, माझ्या ताईंनो. मग एका मुलीचा. जरासा रडवेला, गोड, तरुण, विश्वास ठेवावा असा.

"काकू, मावशी, सगळ्या जणी... मध्येच बंद करू नका."

"रोज लावतात," आ-चू लेकीच्या कानाशी कुजबुजली, जणू देवळातला प्रसाद दाखवावा तशी. शेडमधल्या सगळ्या बायकांनी कमरेच्या पिशव्यांतून पाकिटं काढली. रो-युन पुढे झाली, आईचं मनगट तिने घट्ट धरलं आणि म्हणाली, "आई, नको."

आईने प्रेमाने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"वेडाबाई," ती म्हणाली, "माझी फार्मासिस्ट सांगतेय ना," आणि गोळी तोंडात टाकून पाणी प्यायली.